स्वयंपाकाची भांडी आणि अन्नातलं पोषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडं बदललं तर अन्नातलं पोषण खरंच जास्त टिकतं का?

टिकतं, पण जाहिरातीत सांगतात त्या कारणानं नाही. कुठलाही धातू जीवनसत्त्वं धरून ठेवत नाही. ती जातात तीन वाटांनी: शिजवणीच्या पाण्यात उतरून, उष्णतेनं आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे. क जीवनसत्त्व तिन्ही वाटांनी जातं, म्हणून सगळ्यात आधी तेच कमी होतं. त्याच्या मागोमाग फोलेट म्हणजे ब९ आणि थायमिन म्हणजे ब१ ही जीवनसत्त्वं. पोटॅशियमसारखी खनिजं आचेनं नष्ट होत नाहीत, पण पाण्यात उतरतात आणि पाणी ओतून दिलं की मोरीत जातात. अ, ई आणि के ही स्निग्ध पदार्थात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या मानानं चिवट. गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपिन तर शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं.

त्यामुळे भांडं घेताना दोनच गोष्टी बघायच्या. त्यात कमी पाण्यात, झाकण ठेवून, खाली न लागता, लवकर शिजतं का? आणि ते भांडं स्वतःचं काही अन्नात सोडतं का? चकाकी, रंग आणि सेटमधल्या नगांची संख्या यांचा पोषणाशी संबंध नाही.

‘या भांड्यात अमुक टक्के पोषण टिकतं’ हा दावा कसा तपासायचा?

कोणतं पोषकद्रव्य, कोणत्या पदार्थातलं, किती पाण्यात आणि किती मिनिटं शिजवून, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. ‘पोषण’ नावाचं एकच एक द्रव्य नसतं, त्यामुळे त्याची एकच टक्केवारीही नसते.

भाज्यांसाठी सगळ्यात चांगलं भांडं कोणतं?

घट्ट झाकणाचं पातेलं आणि त्यात बसणारी वाफवायची जाळी. महागडं उकडपात्र नसलं तरी चालतं. २० ते २२ सेंटीमीटर व्यासाच्या पातेल्यात २ सेंटीमीटर पाणी घ्या. जाळीचा तळ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. तो पाण्यात बुडाला तर खालचा थर वाफवला न जाता पाण्यात उकळला जातो, आणि उकळण्यात जे नुकसान होतं तेच इथेही होतं.

आधी पाण्याला खळखळून उकळी आणा आणि मगच भाजी ठेवा. गार पाण्यावर भाजी ठेवून आच लावली की ती हळूहळू तापते आणि तेवढ्या वेळात भाजीतलंच एक विकर (एन्झाइम) क जीवनसत्त्वाचा फडशा पाडत राहतं. एकदम वाफ लागली तर ते विकर लवकर निकामी होतं. तुकडे ३ ते ४ सेंटीमीटरचे ठेवा आणि भाजी चिरायच्या आधी धुवा, नंतर नाही. पालकाला २ मिनिटं, ब्रोकोलीला ४ ते ६, गाजराला ८ ते १० मिनिटं पुरतात. सुरी टोचल्यावर आत जाताना किंचित अडली पाहिजे. दर मिनिटाला झाकण उघडून बघायची सवय असेल तर काचेचं झाकण घ्या. उघडझाप केल्यानं वाफ जाते आणि वेळ वाढतो.

खाली उरलेल्या पाण्यातही थोडं काही उतरलेलं असतंच. ते सुपात किंवा कणीक भिजवायला वापरा.

प्रेशर कुकरमध्ये तापमान जास्त असतं. मग पोषण जास्त मरत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. पूर्ण दाबाला कुकरमध्ये ते साधारण १२० अंशांपर्यंत जातं. पण वेळ एक तृतीयांशाच्या आसपास येतो, पाणी कमी लागतं आणि वाफेनं आतली बरीचशी हवा बाहेर ढकललेली असते. या तिन्हींचा हिशेब धरला तर कडधान्यांसाठी कुकर हे उत्तम भांडं आहे. कडधान्यांतले प्रथिनांच्या पचनाला आडवे येणारे घटकही त्यात चांगले निकामी होतात.

गडबड होते ती भाज्यांची. १२० अंशांवर एक मिनिट जास्त म्हणजे बरंच जास्त. चिरलेल्या भाजीला पूर्ण दाब आल्यावर १ ते २ मिनिटं पुरतात. आच बंद करून कुकर आपोआप गार व्हायची वाट पाहिली तर भाजी पुढची दहा मिनिटं आतच शिजत राहते. त्यामुळे भाजी असेल तर कुकरसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनं दाब लगेच उतरवा. कडधान्यं किंवा भात असेल तर मात्र तसं करू नका. फेस वर येऊन वाफेच्या भोकात अडकतो.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. आच मोठी असली की शिट्ट्या भराभर होतात, त्यावरून आतला वेळ कळत नाही. पूर्ण दाब आला की आच बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा.

कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. फुगणारे, फेसाळणारे पदार्थ असतील तर अर्ध्यापेक्षा जास्त नको. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत असेल तर रिंग कडक झाली आहे. दाब धरत नाही, वेळ दुप्पट होतो, पाणी आटतं आणि तळ करपतो. आणि कडधान्य लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा टाकत असाल तर तो थांबवा, कारण सोड्यानं थायमिन नष्ट होतं. त्यापेक्षा ८ तास भिजवलेलं बरं.

झाकण आणि आकार यांना इतकं महत्त्व का?

कारण पाण्याचं प्रमाण तेच ठरवतात. सैल झाकणाच्या भांड्यात वाफ निघून जाते, म्हणून आपण आधीच एक पेला जास्त पाणी घालतो आणि शेवटी ते ओतून तरी देतो किंवा भाजी जास्त शिजवत आटवत बसतो.

घरी चाचणी सोपी आहे. भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या, उकळी आणा, झाकण लावून वजन करा. मग मंद आचेवर १५ मिनिटं ठेवून पुन्हा झाकणासकट वजन करा. घरातल्या दोन-तीन भांड्यांची अशी तुलना केली की कोणतं किती वाफ घालवतं ते ग्रॅममध्ये कळतं. जड झाकणं आणि कडेला खाच असलेली भांडी बहुतेक वेळा यात जिंकतात.

आकार पदार्थाला साजेसा हवा. दोन माणसांची भाजी पाच लिटरच्या पातेल्यात केली तर तळ झाकण्यापुरतं पाणीही जास्त होतं. परतायची असेल तर उलट, पसरट भांडं घ्या. अरुंद भांड्यात भाजीचा ढीग होतो, पाणी सुटतं आणि ती परतण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजत राहते.

स्टीलमध्ये ३०४, २०२, ४३०, १८/८ हे काय असतं?

१८/८ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३०४ हे त्याच गटातलं. अन्नासाठी रोजच्या वापराला हे चांगलं. २०० च्या मालिकेत (२०२ हे त्यातलंच) निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ते स्वस्त पडतं, पण मीठ आणि आंबट पदार्थांसमोर कमी टिकतं. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला जास्त दाद देत नाही, पण घरच्या स्वयंपाकाला ३०४ पुरेसं आहे.

चुंबक लावून बघा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा. ४३० ला चुंबक चिकटतं, ३०४ ला सहसा नाही. पण २०२ लाही चिकटत नाही, त्यामुळे ज्या दोघांत फरक ओळखायचा असतो तिथेच चुंबक निरुपयोगी ठरतं. शिवाय इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्याचा तळ मुद्दामच चुंबकीय पोलादाचा असतो. भांड्यावर कोरलेला क्रमांक आणि बनवणाऱ्याचं नाव हाच त्यातल्या त्यात भरवशाचा पुरावा.

आंबट पदार्थ बराच वेळ शिजवला तर स्टीलमधून थोडं निकेल आणि क्रोमियम उतरतं. नव्या भांड्यातून जास्त, पुढे कमी होत जातं. बहुतेकांना यानं काही होत नाही. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र ४३०, मीनाकाम केलेलं (धातूवर काचेसारखा इनॅमलचा लेप असलेलं) किंवा काचेचं भांडं घ्यावं.

मीठ पाण्याला उकळी आल्यावर घाला. गार पाण्यात टाकलेले खडे तळाशी बसतात आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. तळावर दिसणारी इंद्रधनुष्यासारखी झाक निरुपद्रवी आहे, थोड्या व्हिनेगरनं निघते.

स्टीलच्या भांड्यात सगळं खाली लागतं. काय चुकतंय?

दोन शक्यता. एक, भांडं पातळ आहे. स्टील स्वतः उष्णता फार वाईट वाहून नेतं, तांब्याच्या तुलनेत पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. पातळ स्टीलमध्ये ज्योतीच्या वर अन्न करपतं आणि कडेला कच्चं राहतं. म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचा थर असलेलं, म्हणजे ट्रायप्लाय, भांडं घ्यावं. थर फक्त तळाला आहे की कडांपर्यंत, हे दुकानदाराला विचारा. फक्त तळाला असेल तर पाण्यात शिजवायला उत्तम, पण घट्टसर पदार्थ कडेला लागतात. घरच्या भांड्याची परीक्षा घ्यायची तर तळावर मैद्याचा पातळ थर पसरा आणि मध्यम आचेवर ठेवा. सगळा थर एकसारखा तांबूस झाला तर भांडं चांगलं. मधेच काळं वर्तुळ उमटलं तर तिथेच तुमची भाजी लागते.

दुसरी शक्यता म्हणजे गार भांड्यात घाई. रिकामं भांडं मध्यम आचेवर २-३ मिनिटं तापवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. नुसता चुर्र करून आटला तर अजून तापायचं आहे. पाऱ्यासारखा गोळा होऊन पळायला लागला की तेल घाला, ते पसरलं की पदार्थ घाला. मग एक मिनिट हात आवरा. खालचा थर तयार झाला की पदार्थ आपणहून सुटतो. तेलातून धूर निघेपर्यंत थांबू नका.

लोखंडी किंवा बिडाच्या भांड्यात शिजवलं तर लोह मिळतं का?

मिळतं. किती मिळतं ते पदार्थाचा आंबटपणा, ओलावा, शिजवायचा वेळ आणि भांड्याचं वय यांवर ठरतं. टोमॅटोचा रस्सा अर्धा तास शिजला तर बरंच लोह उतरतं, कोरडं भाजलं तर नगण्य. नवं भांडं जास्त देतं. वर्षानुवर्षं वापरून काळंभोर, गुळगुळीत झालेलं कमी देतं, कारण तेलाचा थर मध्ये येतो. हे लोह वनस्पतींमधल्या लोहासारखं कमी शोषलं जातं, पण क जीवनसत्त्व सोबत असेल तर शोषण वाढतं.

पण इथेच एक गंमत आहे. लोह आणि तांबं हे दोन्ही धातू क जीवनसत्त्वाच्या नाशाला हातभार लावतात. म्हणजे पालेभाजी लोखंडी कढईत लिंबू पिळून शिजवत ठेवली तर लोह वाढतं आणि लिंबातलं क जीवनसत्त्व जातं. उपाय सोपा: भाजी शिजली की कढईतून काढा आणि लिंबू पानात पिळा. भाजी कढईत तशीच ठेवली तर ती काळी पडते आणि चवीला धातूसारखी लागते.

सगळ्यांनाच जादा लोह नको असतं. शरीरात लोह साठत जाण्याचा आजार किंवा थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा भांड्यात रोज शिजवू नका. आणि रक्तक्षयावर कढई हा पूरक उपाय आहे, गोळ्यांना पर्याय नाही.

बिडाच्या तव्याचं सीझनिंग, म्हणजे तेल तापवून बसवलेला थर, चिकट का होतं?

तेल जास्त झालं म्हणून. हमखास हेच कारण. तवा साबणानं धुवा, आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करा, कोमट असताना अर्धा चमचा तेल आत-बाहेर चोळा. मग कोरड्या फडक्यानं ते सगळं पुसून काढा, जणू तेल चुकून लागलं होतं. आता ओव्हनमध्ये पालथा घालून २३० अंशांवर एक तास ठेवा आणि आतच गार होऊ द्या. दोन-तीनदा केलं की थर धरतो. ओव्हन नसेल तर शेगडीवर मध्यम आचेवर १०-१५ मिनिटं, खिडकी उघडी ठेवून. सौम्य साबणानं तवा बिघडत नाही, ओला ठेवला तर बिघडतो.

नॉनस्टिक वापरणं सुरक्षित आहे का?

कमी ते मध्यम आचेवर, हो. हा लेप पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो. साधारण २६० अंशांपर्यंत तो स्थिर असतो, त्यापुढे बिघडायला लागतो आणि तापमान आणखी चढलं की त्यातून निघणारा धूर माणसाला फ्लूसारखा ताप आणतो. पाळीव पक्षी तर त्यानं मरू शकतात. रिकामं नॉनस्टिक मोठ्या आचेवर ठेवलं तर ही मर्यादा ओलांडायला काही मिनिटंच लागतात. म्हणून तेल आधी घाला, मग आच लावा. तेलातून धूर यायला लागला म्हणजे भांडं जास्त तापलंय.

पीएफओए हे या लेपाच्या निर्मितीत पूर्वी वापरलं जाणारं रसायन. २०१९ मध्ये ते घातक, टिकाऊ रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. ‘पीएफओए-मुक्त’ लिहिलेल्या भांड्यावर पीटीएफई असू शकतो, ही दोन वेगळी नावं आहेत.

लेपाचा कण चुकून पोटात गेला तर तो न पचता बाहेर पडतो. तरीही ओरखडे पडलेलं, सोललेलं भांडं काढून टाका. त्याचं काम न चिकटण्याचं होतं आणि तेच संपलंय. अंडं, नाजूक मासा, पातळ धिरडं यांसाठी एक छोटं नॉनस्टिक ठेवा. सगळा संच त्याचा नको.

‘सिरॅमिक’ नॉनस्टिक म्हणजे धातूवर सिलिकाचा पातळ लेप, मातीचं भांडं नव्हे. धुराची भीती कमी, पण न चिकटण्याचा गुण लवकर जातो. मोठ्या आचेवर आणखी लवकर.

ॲल्युमिनियम टाळावं का?

उघडं ॲल्युमिनियम आंबट, खारट आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांसाठी टाळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००८ मध्ये आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. निरोगी मूत्रपिंड बहुतेक ॲल्युमिनियम बाहेर टाकतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी जास्त जपावं. स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. ॲनोडाइज्ड भांड्याचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, त्यातून कमी उतरतं.

खरी चिंता वेगळी आहे: भंगार वितळवून ओतलेली, नाव-क्रमांक नसलेली भांडी. त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमसारख्या मिश्रधातूंच्या काही आयात भांड्यांमधून शिसं उतरतं असा इशारा दिला. शिशाची सुरक्षित पातळी माहीत नाही, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक.

तांब्या-पितळेत शिजवलेलं जास्त पौष्टिक असतं का?

नाही. उष्णता एकसारखी पसरवण्यात तांब्याला तोड नाही, पण आंबट पदार्थ थेट लागला की तांबं अन्नात उतरतं आणि मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते. आत कल्हई किंवा स्टीलचा थर हवाच. कल्हई म्हणजे कथील आणि ते २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये आणि तारेच्या घासणीनं घासू नये. आतून तांबूस डाग दिसायला लागले की पुन्हा कल्हई करा.

उघड्या तांब्यात हिरवी भाजी शिजल्यावरही झगझगीत हिरवी दिसते. तो ताजेपणा नव्हे. भाजीतलं हरितद्रव्य आणि तांबं यांचा संयोग होऊन तो रंग आलेला असतो.

मातीचं भांडं?

आतलं ओलं अन्न मातीच्या भांड्यातही १०० अंशांनाच शिजतं, फक्त हळू तापतं. मंद, एकसारख्या आचेचा आणि कमी ढवळण्याचा फायदा चवीला होतो. जीवनसत्त्वांसाठी जास्त वेळ हा तोटाच. भांडं झिलईचं असेल तर झिलईत शिसं किंवा कॅडमियम नाही याची बनवणाऱ्याकडून लेखी खात्री घ्या. घरगुती चाचणीपट्टीनं ‘शिसं नाही’ दाखवलं तरी त्यावर विसंबू नका. शोभेची भांडी स्वयंपाकाला घेऊ नका. बिनझिलईचं भांडं पहिल्या वापराआधी काही तास भिजवा, मंद आचेवर सुरुवात करा, आणि गरम भांड्यात गार पाणी ओतू नका, तडकतं.

काच आणि मीनाकाम?

अन्नात काही न सोडण्याच्या बाबतीत हेच पहिल्या नंबरचे. मीनाकाम केलेलं बीड आंबट रश्श्यांसाठी उत्तम, पण आतला टवका उडाला तर ते स्वयंपाकातून काढा. काचेच्या झाकणाच्या भांड्यात दोन चमचे पाणी घालून मायक्रोवेव्हमध्ये भाजी केली तर पोषण छान टिकतं. पाणी कमी, वेळ कमी. प्लास्टिकच्या डब्यात मात्र तापवू नका.

स्लो कुकर आणि एअर फ्रायर?

स्लो कुकरमध्ये राजमा कच्चा टाकू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन कमी तापमानाला नष्ट होत नाही आणि तीव्र उलट्या होऊ शकतात. भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये घाला.

एअर फ्रायरमध्ये तेल वाचतं. पण बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले की ॲक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन तयार होतं, हे २००२ मध्ये लक्षात आलं. ते इथेही होतंच. सोनेरी रंगावर थांबा, तपकिरी होऊ देऊ नका.

सगळं नव्यानं घ्यायचं झालं तर किती आणि काय घ्यावं?

चार माणसांना ३ लिटरचं घट्ट झाकणाचं ट्रायप्लाय पातेलं, त्यात बसणारी जाळी, ५ लिटरचा स्टीलचा कुकर आणि २६ सेंटीमीटरचा बिडाचा तवा किंवा पसरट कढई. इथे थांबा. महिनाभर वापरा, काय कमी पडतं ते कळेल. पैसे कमी असतील तर पहिली खरेदी जाळी आणि चांगलं झाकण ही असावी.

शिजवलेलं अन्न त्याच भांड्यात ठेवलं तर चालतं का?

काचेत आणि स्टीलमध्ये चालतं. लोखंड, ॲल्युमिनियम आणि कल्हई उडालेल्या भांड्यात नाही, कारण आच बंद झाली तरी आंबट अन्नाचं काम चालूच राहतं. तासन्‌तास गरम ठेवल्यानंही क जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा पसरट भांड्यात काढून लवकर गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच एकदा गरम करा.